ताई महाराज प्रकरण : पुण्याच्या कोर्टातून लंडनपर्यंत गेलेलं अपील

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, तह आणि राजकारण यांवर बोलतो. आज मात्र कोर्टाबद्दल बोलायचं आहे. कोर्टाचा हुकूम विरोधात गेला, तर पुढे काय करायचं असतं? हा प्रश्न वकिलांचा वाटतो, पण त्याचं उत्तर मला इतिहासात सापडलं.

आधी घरातली एक गोष्ट सांगतो. माझ्या एका मामांचा शेताच्या बांधावरून दावा होता आणि तालुक्याच्या कोर्टात ते हरले. निकालाचा कागद त्यांनी घडी करून ट्रंकेत ठेवला आणि म्हणाले, "कोर्टानं सांगितलं, आता काय बोलायचं!" दोन वर्षांनी ओळखीच्या एका वकिलांनी तो कागद वाचला. निकालात सरळ दिसणारी एक चूक होती. त्यांनी विचारलं, "मामा, अपील का नाही केलंत?" मामा म्हणाले, "अपील म्हणजे परत तेच भांडण ना? तेच सांगून काय उपयोग?" तोवर मुदत कधीच उलटून गेली होती.

मामांच्या त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. अपील म्हणजे तेच भांडण पुन्हा भांडणं नव्हे, ही पहिली. आणि त्याला मुदत असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायच्या असतील, तर एका माणसाच्या कोर्टातल्या आयुष्याकडे पाहू. तो माणूस म्हणजे बाळ गंगाधर टिळक. 'केसरी'चे संपादक आणि मंडालेचे कैदी म्हणून टिळक सगळ्यांना ठाऊक आहेत. पण वीस वर्षं एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात जाणारे, कायद्याचे पदवीधर असलेले टिळक फारसे कुणी पाहिलेले नसतात.

सुरुवात अपयशापासून करू. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्यूरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा झाली दीड वर्षाची. १९०८ साली पुन्हा राजद्रोह, या वेळी न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे. ज्यूरी सात विरुद्ध दोन आणि शिक्षा सहा वर्षांची. दोन्ही वेळा टिळकांच्या बाजूने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची खटपट झाली. १९०८ नंतर तर अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यासाठी खास इंग्लंडला गेले. दोन्ही वेळा नकार मिळाला.

का मिळाला? खटला मुळातच उच्च न्यायालयात चालला होता. त्या वेळच्या व्यवस्थेत अशा निकालावर आजच्यासारखं सरळ अपील नव्हतं. प्रिव्ही कौन्सिल हे साम्राज्याचं सर्वांत वरचं न्यायपीठ, पण आपण फौजदारी अपिलाचं कोर्ट नाही, असं ते म्हणत असे. न्यायाच्या मूळ तत्त्वांचाच भंग झाला असेल तरच ते हात घालत. म्हणजे टिळकांची बाजू पटली नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. ती पुरी ऐकून घेणारं दारच उघडं नव्हतं.

हा पहिला धडा. अपील हा आपोआप मिळणारा हक्क नाही. कायद्याने दार दिलं असेल तरच अपील करता येतं. म्हणून हुकूम हातात पडला की पहिला प्रश्न 'मी बरोबर आहे का' हा नसतो. 'या हुकुमावर कायद्याने कोणतं दार ठेवलंय' हा असतो.

आता टिळकांनी जिंकलेल्या लढाईकडे येऊ. ती राजकारणाची नव्हती, एका दत्तक मुलाची होती.

ऑगस्ट १८९७. राजद्रोहाच्या त्या पहिल्या खटल्यात टिळक नुकतेच जामिनावर सुटले होते. पुण्याचे एक सरदार, श्री बाबा महाराज पंडित, मरणाच्या दारात होते. ७ ऑगस्टला, मृत्यूच्या काही तास आधी, त्यांनी मृत्युपत्र केलं आणि टिळक, खापर्डे आदी मंडळींना विश्वस्त नेमलं. पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा झालेला मुलगा जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असं त्यात होतं. मुलगा झाला, पण तो जगला नाही. मग दत्तकाचा प्रश्न आला.

जून १९०१ मध्ये विश्वस्त ताई महाराजांना घेऊन औरंगाबादला गेले. पंडित घराण्याच्या तिथल्या शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला, असं टिळकांचं म्हणणं. पुण्याला परतल्यावर ताई महाराजांनी वेगळाच पवित्रा घेतला. औरंगाबादला दत्तविधान झालंच नाही, असं त्या म्हणू लागल्या आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या शाखेतला बाळा महाराज दत्तक घेतला. ताई महाराजांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. तरुण विधवा, इस्टेटीवर कर्ज, खर्चाचा हात विश्वस्तांनी आखडता घेतलेला, आणि कुणाला मुलगा म्हणायचं हेसुद्धा त्याच पुरुषांच्या संमतीवर ठरणार. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण कोर्टापुढचा प्रश्न रागाचा नव्हता, औरंगाबादला काय घडलं याचा होता.

ताई महाराजांनी जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्याकडे अर्ज केला की विश्वस्तांना दिलेलं प्रोबेट रद्द करावं. मृत्युपत्र खरं मानून कोर्ट विश्वस्तांना जो अधिकार देतं, ते प्रोबेट. एप्रिल १९०२ मध्ये ॲस्टन यांनी ते रद्द केलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. टिळकांची साक्ष खोटी ठरवून त्यांच्यावर फौजदारी कारवाईसाठी प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे पाठवलं. विश्वस्त म्हणून कोर्टात आलेला माणूस आरोपी होऊन बाहेर पडला.

इथे टिळक दोन वाटांनी पुढे गेले. प्रोबेटच्या हुकुमाविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले आणि तिथे ॲस्टन यांचा हुकूम फिरला. फौजदारी मात्र चालूच राहिली. खास मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांच्यापुढे खटला लांबत गेला आणि २४ ऑगस्ट १९०३ रोजी टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड झाला. सत्र न्यायाधीश लुकस यांच्याकडे अपील केलं. जानेवारी १९०४ मध्ये त्यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. टिळकांच्या हातात बेड्या पडल्या आणि जामीन होईपर्यंतचे काही दिवस त्यांनी तुरुंगात काढले.

पुष्कळांना वाटतं की अपील केलं की हुकूम आपोआप थांबतो. तसं होत नाही. फौजदारीत शिक्षा स्थगित ठेवून जामीन वेगळा मागावा लागतो. दिवाणीत स्थगिती, म्हणजे आपण 'स्टे' म्हणतो तो, वेगळा अर्ज करून मिळवावा लागतो. अपील दाखल करून निर्धास्त बसलेल्या माणसाच्या दारात बेलिफ जप्ती घेऊन येऊ शकतो, आणि तो चुकत नसतो.

सत्र न्यायाधीशांच्या पुढे आता काय? फौजदारीत एकदा अपील झालं की साधारणपणे दुसरं अपील नसतं. उच्च न्यायालयात जाता येतं ते पुनरीक्षणाने, म्हणजे 'रिव्हिजन'ने. त्यात वरचं कोर्ट खालच्या कोर्टाने कायद्याप्रमाणे, रीतसर, योग्य काम केलं की नाही, हे पाहतं. ३ मार्च १९०४ रोजी मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी शिक्षा रद्द केली आणि दंड परत करायला सांगितला. उरलेले आरोप मग सरकारने काढून घेतले.

टिळक सुटले. पण जगन्नाथ दत्तक की बाळा महाराज, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. त्यासाठी दिवाणी दावा होता. ३१ जुलै १९०६ रोजी पुण्याच्या पहिल्या वर्गाच्या दुय्यम न्यायाधीशांनी निकाल दिला : औरंगाबादचं दत्तविधान खरं. विरुद्ध पक्ष उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी १९१० साली तो निकाल उलटा फिरवला. त्यांना टिळकांच्या बाजूच्या साक्षी विश्वासार्ह वाटल्या नाहीत. याचा सरळ अर्थ असा होत होता की टिळक आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी संगनमताने खोटं सांगितलं.

हा निकाल लागला तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. शिक्षेतली चार वर्षं अजून शिल्लक होती. फौजदारीतून सुटल्यावर पुसला गेलेला खोटेपणाचा डाग पुन्हा लागला होता, आणि माणूस समुद्रापलीकडे कोठडीत. तुमच्या-आमच्यापैकी बहुतेकांनी इथे हात टेकले असते.

पण दार होतं. त्या वेळच्या दिवाणी संहितेनुसार दाव्याची किंमत दहा हजार रुपयांच्या पुढे असेल आणि उच्च न्यायालयाने खालचा निकाल कायम न ठेवता फिरवला असेल, तर प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची वाट बरीच मोकळी असे. दोन कोर्टांचं एकमत असतं तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागला असता. इथे दोन कोर्टांत मतभेद होता. राजद्रोहात जे दार बंद होतं, ते दत्तकाच्या दाव्यात उघडं निघालं.

लंडनला साक्षीदार गेले नाहीत. गेली ती नोंद : जबान्या, पत्रं, हुकूम. औरंगाबादचा प्रसंग कुणी पुन्हा सांगितला नाही. प्रश्न एवढाच होता की मुंबईच्या न्यायमूर्तींनी ज्या वाटेने निष्कर्ष काढला, ती वाट बरोबर होती का?

२६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला. तो लॉर्ड शॉ यांनी वाचला. उच्च न्यायालयाचा निकाल रद्द, पुण्याच्या न्यायाधीशांचा कायम. कारण ऐकण्यासारखं आहे. साक्षीदारांच्या आधीच्या फौजदारी प्रकरणातल्या जबान्या दाव्यात घाऊकपणे दाखल झाल्या होत्या. त्या जबान्यांमधल्या विसंगती दाखवून साक्षीदारांना खोटं ठरवण्यात आलं होतं. पण ती विसंगती त्या साक्षीदारांसमोर ठेवून, 'तुम्ही तेव्हा असं म्हणालात, आता असं म्हणता, याचं काय?' हे त्यांना विचारलंच गेलं नव्हतं. पुरावा कायद्याचं कलम १४५ सांगतं की लेखी जबानीने साक्षीदाराला खोडायचं असेल, तर तो भाग आधी त्याच्या नजरेला आणून दिला पाहिजे. विचारल्याशिवाय खोटं ठरवायचं नाही. आज शंभर वर्षांनंतरही भारतातले वकील उलटतपासणीच्या मुद्द्यावर 'बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित' या निकालाचा हवाला देतात. नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद आहे.

अपिलाचं मर्म इथे आहे. प्रिव्ही कौन्सिलने 'टिळक मोठे गृहस्थ आहेत, म्हणून खरे' असं म्हटलं नाही. खालच्या निकालातली एक नेमकी पायरी निसरडी आहे आणि तिच्यावर उभा केलेला निष्कर्ष टिकत नाही, असं म्हटलं. अपील करणाऱ्याचं भांडण समोरच्या पक्षाशी उरत नाही. ते निकालाच्या कागदाशी असतं. आपल्यावर अन्याय झाला, हे वाक्य अपिलात कामाचं नाही. अमुक परिच्छेदात अमुक पुरावा पाहिलाच नाही, अमुक कलम चुकीचं लावलं, अमुक साक्ष नीट तपासली नाही, ही वाक्यं कामाची.

याचा दुसरा अर्थ असा की अपील खालच्या कोर्टातच सुरू होतं. जो कागद तिथे दाखल केला नाही, जो प्रश्न तिथे विचारला नाही, तो वर सहज नेता येत नाही. अपिलात नवा पुरावा देता येतो, पण अपवाद म्हणून, ठोस कारण दाखवून. वरची मंडळी नोंद वाचतात. नोंद कच्ची असेल तर मोठा वकीलही तिला पक्की करू शकत नाही.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, म्हणून सगळं मिटलं नाही. इस्टेटीचा काही भाग कोल्हापूर संस्थानात होता आणि तिथली कोर्टं ब्रिटिश हिंदुस्थानच्या कोर्टांपेक्षा वेगळी. अपील जिंकणं आणि हुकूम अमलात येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टिळकांचं आणखी एक प्रकरण थोडक्यात सांगतो. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांबद्दल पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला : स्वतःचा वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. मामला पुनरीक्षणात उच्च न्यायालयात गेला. बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूने उभे होते. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी हुकूम रद्द केला. भाषण सुटी सुटी वाक्यं वेचून वाचायचं नसतं, ते एकसंध वाचून त्याचा एकूण परिणाम पाहायचा असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. इथेही आक्षेप नेमका होता : मॅजिस्ट्रेटने भाषणं वाचली कशी?

आता तुमच्या हातातल्या कागदाकडे येऊ. मी वकील नाही, इतिहासाचा माणूस आहे. पण चौकट सांगता येते. प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार १९४९ साली संपला आणि १९५० पासून ती जागा सर्वोच्च न्यायालयाकडे आली. बाकी दिवाणीची चौकट अजूनही १९०८ च्या त्याच संहितेची आहे. ही चौकट इंदूरला, बेळगावला, वडोद्याला, हैदराबादला एकच आहे.

पहिलं काम : निकाल लागला त्याच दिवशी सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, पण नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. उशिरा अर्ज केलात, तर आधी वाया घालवलेले दिवस तुमच्याच खात्यावर.

दुसरं : मुदत. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायचं तर साधारण ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. फौजदारीत शिक्षेवर सत्र न्यायालयात ३० आणि उच्च न्यायालयात ६० दिवस. ग्राहक, कुटुंब, महसूल, कामगार अशा खास कायद्यांत मुदती वेगळ्या आहेत, त्या त्या कायद्यातच पाहा. उशीर झालाच, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात पुरेसं कारण दाखवावं लागतं. 'माहीत नव्हतं' हे कारण फार वेळा चालत नाही. माझ्या मामांचं तेच कारण होतं.

तिसरं : हुकुमाचा प्रकार ओळखा. दाव्याचा अंतिम निकाल असेल तर पहिलं अपील होतं, त्यात पुरावा आणि कायदा दोन्ही तपासता येतं. दुसरं अपील उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. दावा चालू असताना दिलेल्या मधल्या हुकुमांपैकी काहींवरच अपील चालतं, आणि त्यांची यादी संहितेत आहे. दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, म्हणून तडजोडीवर सही करण्याआधी नीट वाचा.

चौथं : स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या. टिळकांच्या हातातल्या बेड्या आठवा.

पाचवं, परराज्यातल्या मराठी मंडळींसाठी खास. खालच्या कोर्टाचा निकाल कन्नड, हिंदी किंवा गुजरातीत असू शकतो. भाषांतर होईपर्यंत थांबू नका, दिवस मोजले जात असतात. तिथली भाषा वाचणाऱ्या वकिलाकडे कागद त्याच आठवड्यात न्या. पैसे नाहीत म्हणून मागे राहू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले लोक आणि कमी उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो, अपिलातही. तालुका किंवा जिल्हा कोर्टातल्या विधी सेवेच्या कार्यालयात जा, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करा.

आणि शेवटचं काम घरी करायचं. निकाल आणून शांतपणे वाचा. हातात पेन्सिल घ्या. समोरच्याने काय खोटं सांगितलं, ते लिहू नका. न्यायाधीश कोणत्या पायरीवर चुकले, तेवढंच समासात लिहा. एकही पायरी सापडली नाही, तर ते स्वतःशी मान्य करायचं धैर्यही हवं. दरवेळी अपील करायचंच असतं, असं नाही. सापडली, तर ती खूण घेऊन वकिलाकडे जा.

ॲस्टन यांच्या हुकुमापासून लॉर्ड शॉ यांच्या निकालापर्यंत तेरा वर्षं गेली. त्यातली सहा मंडालेत. माझ्या मामांकडे होते फक्त तीस दिवस, आणि पुण्याहून लंडनला नव्हे, तालुक्याहून जिल्ह्याच्या गावाला जायचं होतं. ती ट्रंक अजून आजोळी आहे. तुमच्या घरात तशी एखादी ट्रंक असेल, आणि तिच्यातला कागद अजून ताजा असेल, तर आज संध्याकाळीच ती उघडा आणि आधी तारीख बघा.